शेजारच्या खाटेवरचा उपचार माझ्या मुलाला का पुरला नाही?

प्रश्न : माझ्या 19 वर्षांच्या मुलाला सिकलसेल (एसएस, म्हणजे आई-वडील दोघांकडूनही सदोष जनुक आलेला प्रकार) हा रक्ताचा आजार आहे. यंदा मे महिन्यात त्याला क्रायसिस, म्हणजे असह्य वेदनांचा झटका, आला आणि आम्ही त्याला नागपुरातल्या एका रुग्णालयात भरती केले. कमरेत डायक्लोफिनॅकचे इंजेक्शन दिले आणि सलाईन लावली. शेजारच्या खाटेवर याच आजाराचा एक मुलगा होता. तो त्याच उपचाराने संध्याकाळी उठून बसला, माझा मुलगा मात्र रात्रभर कण्हत होता. पुन्हा इंजेक्शन मागितले तर "अजून सहा तास झाले नाहीत" असे उत्तर मिळाले. तो मोबाइल पाहत होता, म्हणून एका डॉक्टरांनी "एवढं दुखत असतं तर मोबाइल सुचला असता का?" असेही ऐकवले. तिसऱ्या दिवशी वरिष्ठ डॉक्टरांनी शिरेतून मॉर्फिन दिले तेव्हा कुठे त्याला आराम पडला. आता नातेवाईक म्हणतात की मॉर्फिनची सवय लागेल. सर्वांना एकच उपचार का देतात, मी काय आणि कसे मागावे, आणि सवयीची भीती खरी आहे का? – एक आई, उत्तर नागपूर

उत्तर : ताई, आपल्या तीन प्रश्नांपैकी मधला, म्हणजे कसे मागावे, हा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. ही मागणी रात्री दोन वाजता कॅज्युअल्टीत करण्याची नव्हे. मुलगा बरा असताना ओपीडीत शांतपणे बोलून ती ठरवून घ्यावी आणि डॉक्टरांच्या सहीने लिहून घ्यावी. त्या कागदाकडे पुढे येतोच. परंतु एकच औषध एकाला लागू पडते आणि दुसऱ्याला का पडत नाही हे आधी समजून घेतलेत, तर त्या कागदावर काय असायला हवे हे आपल्याला आपोआप उमगेल.

सिकलसेलमध्ये बीटा ग्लोबिनच्या साखळीत सहाव्या स्थानी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते, आणि एवढ्या एका बदलामुळे ऑक्सिजन सुटल्यानंतर हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटून तांबडी पेशी ताठ व विळ्याच्या आकाराची होते, बारीक रक्तवाहिन्यांत अडकते, आणि ज्या भागाचा रक्तपुरवठा तुटतो तो भाग, विशेषतः हाडे, असह्य दुखू लागतात. कोणाची पाठ, कोणाच्या मांड्या, कोणाच्या बरगड्या. किती वाहिन्या कोठे तुंबल्या हे प्रत्येक रुग्णात आणि त्याच रुग्णाच्या प्रत्येक क्रायसिसमध्येही निराळे असते. ज्याच्या रक्तात गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन (एचबीएफ) अधिक प्रमाणात टिकून राहिलेले असते, त्याच्या पेशी कमी वाकतात. भारतीय रुग्णांत हे प्रमाण सरासरीने जास्त आढळते, त्यामुळे "आपल्याकडचा सिकलसेल सौम्य असतो" असे वाक्य वैद्यकीय वर्तुळात बराच काळ फिरत राहिले. पण विदर्भातल्या वॉर्डांत काम केलेल्या कोणालाही विचारा. वर्षाकाठी एखादाच क्रायसिस येणारी आणि दर दोन महिन्यांनी भरती होणारी मुले एकाच घरात, सख्खी भावंडे म्हणून सापडतात.

या दुखण्याचा पुरावा देता येत नाही, ही दुसरी अडचण. क्रायसिसच्या वेळी एक्स-रे स्वच्छ येऊ शकतो, हिमोग्लोबिन नेहमीइतकेच असू शकते, आणि लहानपणापासून वेदनेसोबत वाढलेल्या मुलाची नाडी व रक्तदाबही फारसा वाढलेला नसतो. अशी मुले वेदनेपासून लक्ष हटवण्याची युक्ती फार लवकर शिकतात. काही जण डोळे मिटून निश्चल पडून राहतात, काही जण मोबाइल पाहतात. मोबाइल पाहणे म्हणजे दुखत नसणे, हा निष्कर्ष काढणाऱ्या डॉक्टरांचे मत मला साफ अमान्य आहे. वेदनेच्या अभ्यासकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने 2020 मध्ये वेदनेची व्याख्या सुधारताना हे स्पष्टच नोंदवले की वेदना हा नेहमी वैयक्तिक अनुभव असतो, आणि एखादी व्यक्ती आपल्याला दुखते असे सांगत असेल तर त्या सांगण्याचा आदर राखला पाहिजे.

मग वेदना मोजायची कशी? शून्य ते दहा या आकड्यांची पद्धत उपयोगी आहे, पण आपल्याकडचे रुग्ण बहुधा "लय दुखून राहिलं" एवढेच सांगतात आणि आकडा विचारला की गोंधळतात किंवा घाबरून थेट दहा म्हणतात. त्यापेक्षा मुलाला काय करता येते हे विचारणे मला अधिक विश्वासाचे वाटते : कूस बदलता येते का, खोल श्वास घेता येतो का, संडासापर्यंत चालता येते का, झोप लागते का. निपचित पडल्यावर दुखणे चार आणि हलल्यावर नऊ असे असेल, तर कागदावर चार लिहून मोकळे होणे ही फसवणूक ठरते. आपल्या मुलाचे रोजचे, क्रायसिस नसतानाचे दुखणे किती असते हेही ठाऊक हवे, कारण ज्याचे एरवी शून्य असते आणि ज्याचे खुब्याच्या झिजेमुळे एरवीच तीन असते, त्या दोघांसाठी "आराम पडला" या शब्दांची पातळी वेगळी असते.

आता औषधांकडे येऊ. आपण मुलाचे वजन कळवलेले नाही, परंतु ते 48 किलो आहे असे धरा. पॅरासिटामॉलची शिरेतून द्यायची 100 मिलिलिटरची जी बाटली वॉर्डात सर्रास असते, तिच्यात 1 ग्रॅम औषध असते. 50 किलोच्या आतील रुग्णाला मात्र दर किलोमागे 15 मिलिग्रॅम द्यायचे, म्हणजे आपल्या मुलासाठी 720 मिलिग्रॅम, अर्थात 72 मिलिलिटरवर बाटली थांबवायची. शेजारच्या खाटेवरचा मुलगा 60 किलोचा असेल तर त्याला पूर्ण बाटली चालते. पॅरासिटामॉलसारख्या साध्या औषधातही दोन खाटांमध्ये एवढा फरक पडतो.

डायक्लोफिनॅक आणि त्याच्या गटातील औषधे क्रायसिसमध्ये थोड्या दिवसांसाठी उपयोगी पडतात, पण ती मूत्रपिंडांवर ताण आणतात, आणि सिकलसेलमध्ये मूत्रपिंडे तरुण वयातच दुखावलेली असू शकतात. यात एक गफलत नेहमी होते : या रुग्णांचे क्रिएटिनिन (मूत्रपिंडांचे काम जोखण्यासाठी रक्तात मोजले जाणारे द्रव्य) मुळातच कमी असते, त्यामुळे रिपोर्टवर "नॉर्मल" लिहिलेले असूनही इजा झालेली असू शकते. म्हणून लघवीतील अल्ब्युमिन या प्रथिनाची तपासणी करून घ्यावी आणि ते औषध आपल्या मुलाला किती दिवस चालेल हे तिच्या आधारे डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे. मे महिन्यात, पारा 45 च्या आसपास असताना, घामाने कोरड्या पडलेल्या मुलाच्या बाबतीत तर ही काळजी दुप्पट घ्यायला हवी. शिवाय कमरेत वारंवार टोचलेल्या इंजेक्शनचे औषध रक्तात किती आणि केव्हा पोहोचेल याचा भरवसा नसतो आणि त्या जागी गाठ किंवा गळू होण्याचा धोका राहतो, त्यामुळे क्रायसिसमध्ये तोंडावाटे किंवा शिरेतून औषध देणे केव्हाही बरे.

ट्रामाडॉल आपल्याकडे फार वापरले जाते. हे औषध स्वतः फारसे वेदनाशामक नाही. यकृतातील एका विकराने (एन्झाइमने) त्याचे रूपांतर केल्यावरच त्याचा खरा परिणाम दिसतो, आणि हा विकर काहींत जन्मतःच मंद, काहींत अतिवेगवान असतो. त्यामुळे एकाला ट्रामाडॉल पाण्यासारखे वाटते, दुसऱ्याला तेवढ्याच मात्रेने उलट्या आणि चक्कर येते. फिट येण्याचा इतिहास असलेल्यांना तर ते टाळलेलेच बरे. मॉर्फिनच्या बाबतीत सिकलसेलच्या काही रुग्णांत ते शरीरातून नेहमीपेक्षा लवकर बाहेर पडते असे अभ्यासांत दिसले आहे, म्हणजे पुस्तकातील चार किंवा सहा तासांचे अंतर अशा मुलाला लांब पडते. याउलट ज्याची मूत्रपिंडे कमजोर आहेत त्याच्यात मॉर्फिनचे क्रियाशील घटक साचत जातात आणि ग्लानी येते, तिथे त्याच गटातील फेन्टॅनिल हे वेदनाशामक अधिक सुरक्षित ठरते. पेथिडिन हे जुने इंजेक्शन अजूनही कोणी सुचवले तर नम्रपणे नकार द्यावा, कारण त्याच्या विघटनातून तयार होणाऱ्या द्रव्याने फिट येऊ शकते. 

हे सारे माहीत असूनही सगळ्यांना एकच उपचार का मिळतो, असे आपण विचाराल. नागपूरचे मेडिकल (शासकीय वैद्यकीय महाविद्यालय), मेयो (इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालय), एम्स असो वा खासगी रुग्णालय, रात्रीच्या कॅज्युअल्टीत गडचिरोली, भंडारा, गोंदियापासूनचे रुग्ण येत असतात, ड्युटीवरील रेसिडेंट डॉक्टरने आपल्या मुलाला कधी पाहिलेले नसते, आणि अनोळखी रुग्णाला ठरावीक औषधाने सुरुवात करणे त्याला सुरक्षित वाटते. सुरुवात तशी करण्यात काही वावगे नाही. ब्रिटनच्या नाइस या संस्थेची 2012 ची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात की क्रायसिसच्या रुग्णाला तो आल्यापासून 30 मिनिटांत वेदनाशामक मिळावे आणि आराम पडेपर्यंत दर 30 मिनिटांनी पुन्हा पाहिले जावे; अमेरिकेतील रक्तविकारतज्ज्ञांच्या संस्थेने 2020 मध्ये पहिल्या मात्रेसाठी एक तासाची आणि फेरतपासणीसाठी 30 ते 60 मिनिटांची मर्यादा घातली, आणि मात्रा त्या रुग्णाला पूर्वी काय लागू पडले होते त्यावरून ठरवावी असेही म्हटले. आपल्या मुलाच्या बाबतीत पहिले इंजेक्शन चुकले असे मी म्हणणार नाही. ते पुरत नाही हे दिसल्यावरही तिसऱ्या दिवसापर्यंत तेच चालू राहिले, हे चुकले.

केसपेपरवर औषधापुढे "एसओएस" असे लिहिलेले असते ते आपण पाहिले असेल. त्याचा व्यवहारातला अर्थ असा होतो की रुग्णाने मागितले तर द्यायचे, म्हणजे जो संकोची आहे, ज्याला मराठी-हिंदी धड येत नाही, किंवा ज्याला मागितल्यावर ओरडा बसला आहे, त्याला ते मिळत नाही. पहिल्या दोन दिवसांत, दुखणे सतत असताना, औषध घड्याळाप्रमाणे लिहिलेले असावे आणि त्याखेरीज मध्येच उसळी आली तर द्यायची जादा मात्रा वेगळी लिहिलेली असावी, राउंडच्या वेळी "साहेब, हे वेळेवर लिहून देता येईल का?" एवढे विचारणे हा आपला हक्क आहे आणि यात कोणाचा अवमान होत नाही.

जादा औषध मागताना दुसरी बाजूही ध्यानात ठेवायला हवी. बरगड्या दुखत असलेला मुलगा वेदनेमुळे वरवर श्वास घेतो, फुप्फुसाचा खालचा भाग फुगत नाही, आणि त्यातून अ‍ॅक्यूट चेस्ट सिंड्रोम नावाची जिवावर बेतणारी गुंतागुंत उद्भवू शकते. परंतु अतिग्लानी आलेला मुलगाही तसाच वरवर श्वास घेतो. म्हणजे औषध कमी पडले तरी धोका आणि जास्त झाले तरी धोका, आणि ही मधली जागा प्रत्येक मुलाची वेगळी असते. मॉर्फिन चालू असताना नर्सने श्वासांची गती, जागेपणा आणि ऑक्सिजनची पातळी पाहत राहणे म्हणूनच आवश्यक आहे, आणि उलटी किंवा खाज यांसाठी दिलेल्या फिनार्गनसारख्या औषधाने ग्लानीत भर पडते हेही विसरू नये. झोपवलेल्या मुलाचे दुखणे थांबलेच आहे असे नसते. फुप्फुसाचा खालचा भाग फुगावा म्हणून तीन रंगीत चेंडूंचे जे प्लास्टिकचे यंत्र मिळते ते जागेपणी दर दोन तासांनी दहा वेळा वापरावे. त्यात फुंकायचे नसते, नळीतून हवा आत ओढून चेंडू वर धरायचे असतात. निम्म्या खाटांवर मी मुलांना त्यात फुंकर मारताना पाहतो आणि शेजारी बसलेले नातेवाईक शाबासकी देत असतात.

काही रुग्णालयांत रुग्णाने स्वतः बटण दाबून शिरेतून मोजकी मात्रा घेण्याचा पंप असतो, त्याला पीसीए म्हणतात. 19 वर्षांच्या समंजस मुलासाठी ही उत्तम सोय आहे, कारण दुखणे कोणाला पटवून देण्याची गरजच उरत नाही. मात्र ताई, ते बटण आपण कधीही दाबायचे नाही, तो झोपेत कण्हत असला तरी नाही. ग्लानी आलेला रुग्ण बटण दाबू शकत नाही, यावरच त्या यंत्राची सुरक्षितता उभी आहे.

सवयीच्या भीतीबद्दल नातेवाइकांना सांगा की चार-सहा दिवस वॉर्डात देखरेखीखाली दिलेले आणि पायरीपायरीने कमी करत बंद केलेले मॉर्फिन, आणि व्यसन, या भिन्न गोष्टी आहेत. वारंवार लागणाऱ्या रुग्णाला कालांतराने तेवढ्याच आरामासाठी मात्रा वाढवावी लागू शकते, आणि एकदम बंद केले तर अस्वस्थता येते. हे शरीराचे जुळवून घेणे झाले. व्यसनात माणूस दुखत नसतानाही, नुकसान दिसत असतानाही औषधामागे धावतो. उलट, अर्धवट उपचार मिळालेला मुलगा घड्याळाकडे पाहत बसतो, पुन्हा पुन्हा मागतो, आणि नेमके हेच पाहून त्याच्यावर "याला सवय लागली आहे" असा शिक्का बसतो. खरा धोका मला घरी दिसतो : डिस्चार्जनंतर ट्रामाडॉलच्या गोळ्या महिनोन्महिने, कोणाच्या देखरेखीविना चालू राहणे. ट्रामाडॉल 2018 पासून अमली पदार्थविषयक कायद्याच्या कक्षेत आहे. ते चिठ्ठीशिवाय आणू नये. मॉर्फिन वापरात असताना बद्धकोष्ठतेचे औषध पहिल्या दिवसापासून द्यावे लागते, हेही विचारून घ्यावे, कारण चौथ्या दिवशी पोट फुगले की नवेच दुखणे सुरू होते.

आता तो कागद. सिकलसेलच्या ओपीडीत जेथे मुलाची नियमित तपासणी होते, तेथे पुढच्या खेपेला मागच्या सर्व भरतींची डिस्चार्ज कार्डे घेऊन जा आणि डॉक्टरांना म्हणा, "क्रायसिस आला तर याला काय द्यायचं, ते आम्हाला एका पानावर लिहून द्याल का?" त्या पानावर मुलाचे वजन, रक्तगट, नेहमीचे हिमोग्लोबिन, नेहमीची ऑक्सिजन पातळी, मूत्रपिंडांची स्थिती आणि अ‍ॅलर्जी असावी, त्यानंतर त्याचे दुखणे बहुधा कोठे सुरू होते, दुखताना तो कसा वागतो ("गप्प होतो, मोबाइल पाहतो" हे शब्द अवश्य लिहून घ्या), कोणत्या औषधाने मे महिन्यात उपयोग झाला नाही, कोणत्या औषधाने किती मात्रेत आणि किती वेळात आराम पडला, आणि पहिल्या मात्रेने न भागल्यास पुढची पायरी कोणती, हे क्रमाने यावे. मात्रांचे आकडे डॉक्टरांनीच लिहायचे. त्याचप्रमाणे त्या रुग्णालयात मॉर्फिन उपलब्ध असते का, हेही आधीच विचारून ठेवा. अमली पदार्थविषयक कायद्यातील 2014 च्या दुरुस्तीनंतर मान्यताप्राप्त संस्थांना ते ठेवणे पुष्कळ सोपे झाले असले तरी लहान रुग्णालये अजून ते ठेवत नाहीत, आणि मध्यरात्री अ‍ॅम्ब्युलन्समधून दुसरीकडे हलवण्यापेक्षा पहिल्यांदाच योग्य दारात जाणे बरे.

कॅज्युअल्टीत मात्र "मॉर्फिनच द्या" असे पहिले वाक्य बोलू नका. कागद पुढे करून "हा आमच्या ओपीडीच्या डॉक्टरांनी दिलेला आराखडा आहे, मागच्या वेळी हे इंजेक्शन पुरलं नव्हतं, एवढं एकदा पाहता का?" असे म्हटले, तर रात्रभर जागलेला रेसिडेंटही सहसा नाराज होत नाही, कारण निर्णयाचा निम्मा भार तो कागद उचलतो. तासाभराने फरक नसेल तर इन्चार्ज सिस्टरला सांगा, आणि तरीही दखल घेतली गेली नाही तर ड्युटीवरील वरिष्ठांना बोलावण्याची विनंती करा. सलाईनसाठी हट्ट करू नका. बाटली लटकली की उपचार सुरू झाला असे आपल्या लोकांना वाटते, पण तोंडाने पाणी पिणाऱ्या मुलाला अति सलाईनने फुप्फुसांत पाणी साचू शकते. गरम पाण्याची पिशवी चालते, बर्फ मुळीच नको, आणि कूलरचा थेट झोत अंगावर येणारी खाट असेल तर बदलून मागा.

एक सावधगिरी. हा आराखडा नेहमीच्या दुखण्यासाठी आहे. ताप, छातीत दुखून धाप लागणे, एका बाजूची शक्ती जाणे किंवा तीव्र डोकेदुखी, पोट एकदम फुगून फिकटपणा येणे, चार तासांहून अधिक टिकणारी लिंगाची वेदनामय ताठरता, अथवा "या वेळचं दुखणं वेगळं आहे" असे मुलाने स्वतः म्हणणे, यांपैकी काहीही असेल तर वेदनाशामक देतानाच कारणाचा शोधही लगेच घ्यावा लागतो.

आणि क्रायसिसची संख्याच कमी करणारे हायड्रॉक्सीयुरिया चालू आहे का, हे आपण पत्रात लिहिलेले नाही. 1995 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील मोठ्या चाचणीत या औषधाने प्रौढ रुग्णांचे क्रायसिस जवळजवळ निम्म्यावर आले होते, आणि आपल्या नागपूरच्या मेडिकलमधील बालरोगतज्ज्ञांनी दर किलोमागे 10 मिलिग्रॅम अशी कमी, ठरावीक मात्रा मुलांना उपयोगी पडते असे 2012 मध्ये मांडले. चालू नसेल तर त्याच ओपीडीत विचारा; चालू असेल तर गोळी रोज घेतली जाते का आणि रक्ताची तपासणी वेळेवर होते का ते पाहा.

मुलगा 19 वर्षांचा आहे, तेव्हा ओपीडीत बोलताना प्रश्नांची उत्तरे त्यालाच देऊ द्या आणि त्या पानाचा फोटो त्याच्या मोबाइलमध्ये ठेवा. वजन बदलले, नवे औषध सुरू झाले किंवा पुन्हा भरती व्हावे लागले, की जुने पान बाद करून तारीख घातलेले नवे लिहून घ्यावे.